पहिली ढेप

माणूस मनापासून बोलतोय की नुसतं तोंडानं, हे सांगणारं यंत्र तालुक्याच्या समेट केंद्रात आलं, तेव्हा त्याचं सरकारी नाव होतं 'भावसंगती मापक'. कपाळाला बांधायची एक पट्टी, पट्टीच्या दोन्ही कडांनी कानांवरून लोंबणाऱ्या बारीक तारा आणि टेबलावर हाताच्या पंजाएवढी काच, तिच्यावर एक दिवा. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं ती पट्टी बांधून घेतली, काचेत स्वतःचं रूप न्याहाळलं आणि विचारलं, "सगळं झालं, आता नवरी कुठाय?" तेव्हापासून हिरण्यकेशीच्या काठच्या त्या अख्ख्या तालुक्यात तिला मुंडावळी म्हणायला लागले. सरकारी नाव फक्त खोक्यावर उरलं.

उज्ज्वला शिंत्रेही हसली होती तेव्हा. ती केंद्रातली जुनी मध्यस्थ. यंत्राआधीची सगळी वर्षं तिचा धंदा एका वाक्यात सांगण्यासारखा होता: दोन खोल्या आणि मधला बोळ. एका खोलीत एक भांडणारा, दुसऱ्या खोलीत दुसरा आणि बोळातून येजा करणारी उज्ज्वला. इकडचा ओरडायचा, "त्याला सांगा, मेलो तरी त्याचं तोंड बघणार न्हाई!" उज्ज्वला बोळातून चालत जायची आणि तिकडच्याला सांगायची, "म्हणतात, तुमच्यासमोर यायचा धीर होत नाही." तिकडचा मिशीवरून हात फिरवायचा. मग म्हणायचा, "धीर न व्हायला काय झालं? मी काय वाघ आहे?" उज्ज्वला परत बोळात.

हे खोटं होतं का? तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं असं नाही. तिचं उत्तर ठरलेलं होतं. आपण तांदूळ निवडतो. खडे काढले म्हणून तांदूळ काही आपले होत नाहीत, ते त्यांचेच राहतात.

मुंडावळी आली आणि बोळ बंद झाला. आता दोघं एकाच टेबलाशी, समोरासमोर, कपाळाला पट्ट्या बांधून. एकानं माफी मागायची, दुसऱ्यानं ती घ्यायची आणि दोन्ही दिवे हिरवे झाले तरच समेटावर शिक्का. नाहीतर कागद कोर्टात. दर वाक्यानंतर काचेवर अक्षरं यायची: 'पुढील वाक्य बोला'. दगडासारखा धीर होता त्या काचेला.

पहिल्या महिन्यातच बँडवाल्या बाबूरावांचं प्रकरण आलं. भर वरातीत, नवऱ्याकडच्या लोकांसमोर, बाबूराव आपल्या क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दत्ताला बोलले होते, "फुंकर जमत नसंल तर चुलीपुढं बस की जाऊन." दत्ता वरात सोडून चालता झाला. आता टेबलाशी बसून बाबूराव म्हणाले, "चुकलं बाबा माझं. जाऊ दे की." दिवा लाल.

"बघा मॅडम," दत्ता उज्ज्वलाला म्हणाला, "माणूस काय लायकीचा आहे, बघून घ्या."

"अरे, बोललो की चुकलं म्हणून! आता काय पोट फाडून दाखवू?"

"पोट कशाला, दिवा दाखवा."

पूर्वी असं झालं असतं तर उज्ज्वलानं दोघांना एकेक चहा पाजून वाटेला लावलं असतं. बाबूरावांची माफी तेव्हाही पोकळच असती. पण लग्नसराई आली असती, दोघं पुन्हा एका टेम्पोत बसले असते, एका ताटात जेवले असते आणि चार-सहा वराती झाल्यावर कधीतरी, चढावर दम लागलेल्या दत्ताचं क्लॅरिनेट बाबूरावांनी स्वतःच्या काखेत मारलं असतं. ती खरी माफी. ती अशीच उशिरा, न बोलता येते. आता दत्ता निपाणीच्या बँडला गेला आणि दोन्ही बँड बेसूर झाले.

शास्त्र तसं अवघड नव्हतं, निदान समजायला. पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा तांबडा उजेड कपाळाच्या कातडीतून, हाडातून आत शिरतो आणि मेंदूच्या पुढच्या भागात रक्त कुठे दाटतंय, कुठे ओसरतंय ते टिपून परत येतो. तारा कानामागच्या नाडीवरून हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतात. काच आवाजातला बारीक थरथराट ऐकते. हे सगळं सुटंसुटं कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. नवा शोध एवढाच की माणूस मनापासून बोलतो तेव्हा या तिन्हींची लय एका समेवर येते. गवय्या आणि तबलजी येतात तशी. आणि नुसत्या तोंडानं बोलतो तेव्हा मेंदूचा पुढचा भाग शब्द जुळवण्यात घाम गाळतो आणि काळीज आपलं भलत्याच तालात चालतं. यंत्र त्या दोहोंमधली फट मोजतं. फट लहान, दिवा हिरवा. फट मोठी, लाल.

दोन गोष्टी मात्र यंत्राला येत नव्हत्या, आणि त्या त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापल्या होत्या, म्हणून कुणी वाचल्या नाहीत. एक, यंत्र खरंखोटं ओळखत नाही. एखाद्याला मनापासून वाटत असेल की पृथ्वी पोळपाटासारखी सपाट आहे, तर त्याचा दिवा हिरवाच लागणार. दुसरी, माणसाच्या मनात थरावर थर असतात. यंत्राला दिसतो तो त्या क्षणी सगळ्यात वर असलेला.

केंद्राच्या प्रमुख देवयानीबाई पुण्याहून आलेल्या, वयानं उज्ज्वलापेक्षा लहान, हुशार आणि मनानं चांगल्या. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना उज्ज्वलानं एकदा विषय काढलाच.

"मॅडम, दही लावता का घरी?"

"विकतचं आणते. का?"

"दुधात चमचाभर विरजण घातलं आणि लगेच झाकण काढून बघितलं, तर काय दिसतं? दूधच. म्हणून काय विरजण खोटं होतं? आपण झाकण लई लवकर काढायला लागलोय."

देवयानीबाई हसल्या नाहीत. घास हातात तसाच धरून म्हणाल्या, "शिंत्रेताई, गेल्या महिन्यात ती वीटभट्टीवरची बाई आली होती, आठवते? नवऱ्यानं हात जोडून, रडून माफी मागितली. तिची सासू रडली. मलाही रडू आलं. दिवा लालभडक. तिला आपण परत पाठवलं नाही, म्हणून आज ती जिवंत आहे. त्या दुधात काय लागलं असतं, सांगा."

उज्ज्वलानं डब्याचं झाकण लावलं. ते खरं होतं. यंत्राचा राग करता येत नव्हता हीच त्यातली मोठी पंचाईत.

आणि घरी तिचं स्वतःचं एक भांडं झाकून ठेवलेलं होतं.

शिंत्र्यांचं गुऱ्हाळ पिढीजात. रस आटवायची एक काहील, एक चुलवाण, एक धुराडं. तिचा नवरा तानाजी थोरला, सागर धाकटा. घरची रीत अशी की हंगामात पहिल्या काहिलीतून उतरलेली गुळाची पहिली ढेप भावाच्या घरी जायची, दुसरी देवाला. देवाच्या आधी भाऊ. सासऱ्यांनी घातलेला पायंडा. ते म्हणायचे, देव रुसला तर नारळावर भागतं, भाऊ रुसला तर भागत नाही.

ते सासरे गेले तेव्हा सागर हैदराबादेत नोकरीला होता. निरोप मिळताच निघाला. इकडे भावकी घाई करत होती, दिवस मावळायच्या आत उरकलं पाहिजे म्हणून. तानाजी थांबला, थांबला आणि मग त्यानं अग्नी दिला. सागर धापा टाकत नदीकाठी पोचला तेव्हा सरण बसायला आलं होतं. बापाचं तोंड दिसलं नाही. तो मटकन खाली बसला आणि तानाजीच्या तोंडून, दिवसभराच्या उपासानं की दुःखानं की कशानं कोण जाणे, निघून गेलं, "आता आलास व्हय, वाटणीला?"

तेवढ्या एका वाक्यावर दोन घरं झाली. सागर नोकरी सोडून गावी परतला, रस्त्याकडेला घर बांधून राहिला. गुऱ्हाळ सामाईकच होतं. एक आठवडा याचा, एक आठवडा त्याचा, गडी बदलायचे, चूल तीच. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या वर्षी पहिली ढेप उतरली तेव्हा तानाजीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उज्ज्वलानं ती फडक्यात गुंडाळली, पाटीत घातली, सागरच्या दारात नेली आणि धाकट्या जावेला म्हणाली, "रूपाली, ह्यांनी पाठवलीय. बोलावं लागंल म्हणून येत न्हाईत, तुला म्हाईत हाय त्यांचा सोभाव."

रिकामी पाटी परत द्यायची नसते. रूपालीनं ती शेंगांनी भरून दिली. उज्ज्वला घरी आली आणि तानाजीला म्हणाली, "माहेरच्या शेंगा आल्यात. दादानं पाठवल्या, आईशप्पथ." तानाजीनं त्या भाजून मिटक्या मारत खाल्ल्या. "तुझ्या माहेरची जमीन हलकी," तो म्हणायचा, "पण शेंग मात्र भरीव." दर वर्षी ढेप तिकडे जायची, दर वर्षी शेंगा इकडे यायच्या. बोळ लांब होता इतकंच. उज्ज्वला त्यातून चालत राहिली.

आणि दही लागायला लागलं होतं, खरंच. परवाच्या उन्हाळ्यात सागरचं पोर सायकलवरून पडलं तेव्हा तानाजीनं ताटावरून विचारलं होतं, "हाड तर मोडलं न्हाई न्हवं?" नाव घेतलं नाही. पण विचारलं.

म्हणून, सामाईक गुऱ्हाळाचा परवाना नव्यानं काढायचा तर भावांचा समेट प्रमाणित करून आणा, असा नियम आला, तेव्हा उज्ज्वलाला भीतीपेक्षा आशाच जास्त वाटली. ढेपेचं नवऱ्याला आधी सांगून टाकावं, असं एकदा तिच्या मनात आलं होतं. मग वाटलं, विरजलेलं भांडं हलवू नये. तालुक्याची भांडणं मिटवणाऱ्या बाईनं आपल्या घरची एवढी चूक केली. पण तीच चूक ती आयुष्यभर पगार घेऊन करत आली होती, तेव्हा तिला ती चूक वाटलीच नाही.

केंद्रात घरच्या प्रकरणात तिला मध्यस्थ होता येत नव्हतं. देवयानीबाई टेबलाशी बसल्या. उज्ज्वला आणि रूपाली भिंतीकडेच्या बाकावर. दोघा भावांच्या कपाळांना मुंडावळ्या बांधल्या. दोघांचीही कपाळं सासऱ्यांसारखी, रुंद आणि वर थोडी टकलाकडे झुकलेली. रूपालीनं उज्ज्वलाच्या कानात म्हटलं, "अक्का, दोन नवरदेव बसल्यागत दिसत्यात." उज्ज्वलाला हसू आलं. ते त्या दिवसातलं शेवटचं.

"तानाजीराव, बोला तुम्ही," देवयानीबाई म्हणाल्या.

तानाजीनं घसा खाकरला. रात्रभर पाठ केल्यासारखा बोलला, "सागर, त्या दिवशी मी थांबायला पाहिजे हुतं. चुकलं."

लाल.

'पुढील वाक्य बोला.'

"चुकलं म्हणतोय की," तानाजी काचेला म्हणाला. लाल. त्याच्या मानेवरची शीर फुगली. "अवो, भावकी डोक्यावर बसलीवती. मी एकटा काय करणार हुतो?" आणि या वाक्याला मात्र दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी तो बघितला. थांबायला हवं होतं, हे तानाजीला पटलेलं नव्हतं; आपण एकटे पडलो होतो, हे मात्र त्याच्या काळजातलं होतं.

देवयानीबाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात सागर बोलला. हळू, टेबलाकडे बघत.

"ऱ्हाऊ दे मॅडम. दादाला बोलता येत न्हाई, ल्हानपणापासनं. त्याचं तोंड आणि मन वेगळ्या गावाला ऱ्हातंय. पण एवढ्या वर्षांत एक साल चुकलं न्हाई, पहिली ढेप माझ्या दारात आलीय. देवाच्या आधी. मला तेवढी माफी पुरे हाय. मी धरून बसणार न्हाई."

सागरचा दिवा हिरवा. गर्द, धानाच्या रोपासारखा हिरवा. देवयानीबाईंचे डोळे चमकले. त्यांनी कागद पुढे ओढला. नियमात एक वाट होती: दुखावलेल्यानं आपणहून मनापासून सोडून दिलं, तर समोरच्याचं एक हिरवं वाक्य पुरत होतं. कुठलंही एक, भावाला उद्देशून.

"तानाजीराव, एवढंच म्हणा, की मी पाठवली."

उज्ज्वलानं नवऱ्याकडे बघितलं. डोळ्यांनी, भुवयांनी, जिवाच्या आकांतानं. तानाजी तिच्याकडे बघत नव्हता. तो भावाकडे बघत होता, भाबडेपणानं, कोड्यात पडून.

"कसली ढेप?" तो म्हणाला. "मी न्हाई पाठवली."

हिरवा. भावाला उद्देशून उच्चारलेलं त्याचं त्या दिवसातलं पहिलं हिरवं वाक्य.

काचेवर अक्षरं उमटली: 'पुढील वाक्य बोला.' सागरनं सावकाश मान वळवून बाकाकडे बघितलं.

"वहिनी?"

उज्ज्वलाच्या कपाळाला पट्टी नव्हती. तरी तिचा हात तिथं गेला.

"म्हंजे एवढी वर्षं," सागर म्हणाला, "मी तुमच्याशी समेट करत हुतो." त्यानं पट्टी सोडली, नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि बाहेर पडला.

वाटणी झाली. काहील काही कापून वाटता येत नाही. गुऱ्हाळ तानाजीकडे आलं, रस्त्याकडेचा मळा सागरकडे गेला. कुणी कुणावर फिर्याद केली नाही, आवाज चढवला नाही. उज्ज्वलाला वाटलं, आवाज चढला असता तर बरं झालं असतं. आवाजाला बोळ सापडतो.

तानाजी तिच्यावर रागावला नाही. कितीतरी दिवसांनी, जेवताना, त्यानं एवढंच विचारलं, "शेंगाबी त्याच्याच?"

"व्हय."

तो ताटातल्या चटणीकडे बघत राहिला. शेंगदाण्याचीच होती. मग ती बोटानं पुसून खाल्ली.

हंगाम आला. सासऱ्यांच्या नंतर गुऱ्हाळाला पहिल्यांदाच एकच मालक. उसाच्या चिपाडांचा जाळ लागला, रस तापला, फेसाळला आणि त्यावर काळपट मळी चढून आली. तानाजी गड्यांना बाजूला सारून स्वतः झारा घेऊन उभा राहिला. उज्ज्वला लांबून बघत होती. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला इथेच उभं करून सांगितलं होतं, आधी मळीच वर येतीय पोरी, ती बघून काहील वतून टाकू नगं, गूळ खाली असतोय.

पहिली ढेप गार झाली. तानाजीनं ती फडक्यात गुंडाळली. गाठ नीट बसेना, पुन्हा सोडून बांधली. पाटीत ठेवली. आणि कुणाला काही न सांगता पाटी खांद्यावर घेऊन रस्त्याकडेच्या घराच्या दिशेनं चालू लागला.

उज्ज्वला केंद्रात जायला निघाली होती, पिशवी खांद्याला होती, ती तशीच त्याच्या मागं निघाली. वाटेत एक अक्षर बोलली नाही. झाकण आपोआप निघत होतं. तिला फक्त श्वास रोखून धरायचा होता.

सागर ओसरीवर बसला होता. भावाला दारात बघून उठला. पाटीकडे बघितलं. मग त्याची नजर तानाजीच्या मागे, उज्ज्वलावर गेली आणि चेहऱ्यावर आलेलं जे काही होतं ते विझलं.

"ह्या साली दादालाच धाडलंसा व्हय, वहिनी?"

"न्हाई ओ भाऊजी! देवाची आण, मी बोलले सुद्धा न्हाई. त्यांचे तेच—"

"मी आणलीय," तानाजी म्हणाला. "माझी मी."

"कशाला?"

तानाजीला या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. ते त्याच्या सगळ्या अंगावर दिसत होतं, पाटी धरलेल्या हातांवर, काजळी लागलेल्या कपाळावर. शब्द मात्र नव्हते. "कशाला म्हंजे? हंगाम सुरू झाला न्हवं."

सागर कडू हसला. "दादा, मी एकदा फसलोय. दर साली फसलोय. आता मला कुणाचं काय खरं मानायचं कळंना झालंय. वहिनी, तुमच्या पिशवीत असतीय न्हवं ती मुंडावळी? लावा की. एकदाच. मग मी तुझ्या पाया पडतो दादा, हितंच."

पिशवीत होती. खेड्यापाड्यांच्या प्रकरणांसाठी एक संच तिच्याजवळ नेहमी असायचा. उज्ज्वलाचा हात पिशवीत गेला. तिला वाटलं, लागू दे. आज लागेल. झारा धरताना तिनं बघितलं होतं त्याला, गाठ बांधताना बघितलं होतं. आज त्याच्याइतकं हिरवं माणूस तालुक्यात नसेल.

तिनं पट्टी बाहेर काढली. तानाजीनं पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तूबी?" तो म्हणाला.

"अवो, तसं न्हाई. मला ठाव हाय. भाऊजींसाठी—"

"आण." त्यानं पट्टी हिसकून घेतली, काजळीच्या कपाळाला स्वतःच आवळली. काच सागरनं धरली. भावाच्या दारात, उन्हात, मुंडावळी बांधून तानाजी उभा राहिला आणि रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली.

"सागर," तो म्हणाला, "तुला बापाचं तोंड बघू दिलं न्हाई. चुकलं माझं."

त्याचा आवाज फाटला होता. डोळे भरले होते. उज्ज्वलाला हे वाक्य ऐकायला अर्धं आयुष्य लागलं होतं.

दिवा लाल झाला.

तिला लगेच कळलं का ते. वर मळी आली होती. भावाच्या दारात पुरावा द्यावा लागल्याची, बायकोनं पिशवीतून पट्टी काढल्याची, रस्त्यावर थांबलेल्या माणसांची. खाली गूळच होता. यंत्राला झारा नव्हता, आणि यंत्र खोटं बोलत नव्हतं.

'पुढील वाक्य बोला.'

तानाजीनं पट्टी काढून तिच्या हातात दिली, पाटी ओसरीच्या कडेला ठेवली आणि वळला. जाताना त्याचे खांदे एकदम म्हाताऱ्या माणसाचे दिसले.

"भाऊजी, ऐका माझं, ते यंत्र वरचंच बघतंय, आत—"

"वहिनी, पुरे." सागरनं काच तिच्याकडे दिली. पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो वाटेनं लांब जाणाऱ्या भावाच्या पाठीकडे बघत होता. बराच वेळ. मग कुणालाच उद्देशून नाही असा बोलला, "दादा लई वाळलाय की."

आणि आत निघून गेला.

रिकामी पाटी परत द्यायची नसते. रूपाली बाहेर आली, खाली मान घालून पाटी उचलली आणि ढेप तिच्यात तशीच ठेवून पाटी उज्ज्वलाच्या हातात दिली.

घरी तानाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तांब्यानं पाणी पीत होता. उज्ज्वलानं पाटी ओट्यावर ठेवली. त्यानं तिच्याकडे बघितलं, कळलं त्याला, विचारलं नाही.

पण तिच्याजवळ एक वाक्य होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्या घराकडून या घराकडे आणलेलं, एकही खडा न काढलेलं, जसंच्या तसं वाक्य. ती त्याच्यापाशी खाली बसली.

"अवो, तुमी निघून आल्यावर भाऊजी तुमच्या पाठीकडं बघत हुते. म्हणाले, दादा लई वाळलाय की."

तानाजी थांबला. तांब्या खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर एक हसू आलं, आजारी माणसाला कुणी बरा दिसतोस म्हटल्यावर तो हसतो तसं.

"पुरे कर आता, उज्ज्वला."

"खरंच म्हणाले. आईशप्पथ."

"शेंगा माहेरच्या हुत्या तवाबी आईचीच शप्पथ हुती."

तिनं पिशवी ओढली, पट्टी काढली, स्वतःच्या कपाळाला बांधली. पट्टीवर त्याची काजळी होती, तिच्या कपाळाला लागली. काच उंबऱ्यावर त्याच्यासमोर ठेवून ती म्हणाली, "सागरभाऊजी म्हणाले, दादा लई वाळलाय की."

हिरवा. लख्ख.

तानाजीनं दिव्याकडे बघितलं. नंतर तिच्याकडे. त्याच्या नजरेत राग नव्हता, टोमणा नव्हता. असली तर माया होती, आणि तेच तिला सोसवेना.

"तुझा हिरवाच लागणार गं," तो म्हणाला. "तू खोटं बोलायचीस तेबी मनापासनंच बोलायचीस."

तो उठला, टॉवेल झटकला आणि दुसरी काहील चढवायला गुऱ्हाळाकडे गेला. देवाची ढेप व्हायची होती अजून.

उज्ज्वला उंबऱ्यात बसून राहिली. ओट्यावरच्या ढेपेला मुंग्या लागल्या होत्या. समोर काचेवर अक्षरं उमटली, 'पुढील वाक्य बोला', विझली, पुन्हा उमटली. तिनं खरोखरच विचार केला. भांडणाऱ्या माणसांची किती वाक्यं तिनं आजवर इकडून तिकडे नेली होती. त्यात आपलं स्वतःचं असं एखादं उरलंय का ते तिनं सगळं मन चाळून बघितलं. मग तिनं पट्टी सोडली आणि काच पालथी घातली.